रोज तांब्याभर अर्थ

इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये उमाकांत दिवट्याला सगळे 'अर्थवाले' म्हणायचे. हा अर्थ शब्दाचा नव्हे, विजेचा. इंग्रजीत जमिनीला अर्थ म्हणतात, आणि आगाऊ वीज ज्या तारेनं गुमान जमिनीत जाते त्या तारेलाही मागवाले अर्थच म्हणतात. तीस वर्षं उमाकांत गावभर खड्डे खणत आला होता. खड्ड्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती मीठ आणि कोळसा थरावर थर भरायचा, वर पाणी ओतायला नळी ठेवायची. लोक सांगत, एकदा त्याच्या अर्थिंगवर साक्षात आकाशातली वीज आली, तर तिनं आधी चपला काढल्या आणि मग खाली उतरली. उमाकांत हे ऐकून मान हलवत 'काहीतरीच' म्हणे, पण सांगणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

माग आता पूर्वीचे राहिले नव्हते. खटखट गेली होती. हवेच्या फुंकरीवर धागा उडवणारी यंत्रं आली होती, आणि त्यांच्या मोटरी चालवणाऱ्या पेट्या सेकंदाला वीस हजार वेळा विजेचे तुकडे करत. त्या तुकड्यांचा कचरा तारेशिवायच हवेत उडे. डोळ्यांना दिसला असता तर गल्लीत फावडं घेऊन हिंडावं लागलं असतं. दिसत नव्हता, म्हणून लोक सुखात होते. पण बारीक काम करणाऱ्या यंत्रांच्या कानात तो जाई आणि ती वेड्यासारखी वागत.

त्यावर उपाय वेणीच्या केबलचा. आत बोलणाऱ्या तारा, बाहेरून तांब्याच्या केसासारख्या तारांची विणलेली वेणी. कचरा वेणीवर पडतो, आतल्यांना लागत नाही. पण नुसती वेणी असून भागत नाही. तिला अर्थ द्यावा लागतो, तेव्हा कुठं पडलेला कचरा जमिनीत वाहून जातो. तोही एकाच टोकाला. दोन्ही टोकांना दिला तर दोन ठिकाणच्या जमिनी एकमेकींची उणीदुणी काढतात, वेणीतच वीज फिरायला लागते आणि सगळ्यावर गुणगुण चढते. 'विहिणी एका घरात ठेवू नका,' असं उमाकांत गिऱ्हाइकाला सांगे. आणि कुठल्याच टोकाला अर्थ नसला, तर वेणी राखण सोडून स्वतःच कचरा गोळा करते आणि आतल्या तारांच्या कानाशी सांगत बसते. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

त्याची बायको वैजयंता दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्त साकळलं होतं. ती फरशीवर पाच तास पडून होती. उमाकांतनं डॉक्टरांना, नातेवाइकांना, गल्लीला एकच सांगितलं होतं, 'मी निघालो तेव्हा ती ठणठणीत होती. गेट लावायला मागं वळलो तर खिडकीत उभी होती.' कितीदाही विचारलं तरी यातला एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

वैजयंता जगली, पण हात, पाय, जीभ, मान, पापणी, कशावरही तिची सत्ता उरली नाही. डोळे उघडे आणि आढ्याला खिळलेले. ऐकू येतं, कळतं, असं डॉक्टर म्हणत. डोळ्यांतून सारखं पाणी वाही. पापणी मिटत नाही म्हणून वाहतं, असंही तेच म्हणत.

दीड वर्षानं यंत्र आलं. कागदावर त्याचं नाव वाक्सेतू. गल्लीनं त्याला वाचाळ करून टाकलं. कवटीच्या आत बोलण्याच्या जागेवर पातळ जाळी, कानामागं बटणाएवढी खोबण, खोबणीतून सहा फूट वेणीची केबल, आणि टेबलावर पेटी. बिनतारी पेट्या मोठ्या शहरांत होत्या. यांच्या वाट्याला तारेची आली. माणूस मनात शब्द उच्चारतो तेव्हा मेंदूत विजेची जी कुजबूज उठते ती व्होल्टच्या दहा-वीस लाखाव्या हिश्श्याएवढी. पेटी ती कुजबूज ऐकते, कुठल्या शब्दाशी जुळते ते पाहते आणि माणसाच्याच आवाजात बोलते. कुजबूज पुसट असली तर अंदाज करते. हे माणूस एरवी काय बोलतं, त्यावरून. अंदाजाला शब्द मात्र कंपनीनं घातलेल्या पुस्तकी यादीतले घेते.

त्या 'एरवी'साठी घरच्यांनी तिच्या फोनवरच्या जुन्या बोलक्या निरोपांचा साठा द्यायचा होता. उमाकांतकडे बारा वर्षांचे निरोप होते. तो ते पाच दिवस निवडत बसला. वैजयंता जिभेची फटकळ. भाजी आणली नाही म्हणून सुरू व्हायची ती सासूच्या माहेरापर्यंत जाऊन यायची. उमाकांतनं भांडणं वगळली, टोमणे वगळले, 'तुमाला कदी कळणार' ने सुरू होणारे तर एकजात वगळले. गाळून गाळून चतकोर बाई उरली. ती फार गोड होती.

यंत्र लावायला आलेल्या माणसानं पेटी भिंतीतल्या तीन खोबणींच्या सॉकेटात लावली. केबलच्या कानाकडच्या टोकाला पिवळी चिठ्ठी अडकवलेली होती: 'या टोकाला अर्थ लावू नये.' बरोबरच होतं. अर्थ पेटीकडून, भिंतीतल्या तिसऱ्या खोबणीतून मिळायचा. ती खोबण उमाकांतनं एकोणीस वर्षांपूर्वी स्वतः परसातल्या खड्ड्याला जोडली होती. त्यानं तपासली नाही. स्वतःचं काम कोण तपासतो?

तिसऱ्या दिवशी पेटी बोलली. आवाज हुबेहूब वैजयंताचा.

"जेवलात का?"

त्यानंतर दुपारी, दोनदा खरखरून, "तुमची काही चूक नाही."

उमाकांत परसात गेला आणि चेहरा ठिकाणावर येईपर्यंत कढीपत्त्याच्या झाडापाशी उभा राहिला. एक गोष्ट त्याच्या कानाला खटकली होती. वैजयंता उभ्या जन्मात 'जेवलात का' म्हणाली नव्हती, 'जेवलासा का' म्हणायची. पण इस्पितळात इतके महिने शिकलेल्या नर्सांच्यात राहिल्यावर भाषा सुधारणारच, असं त्यानं स्वतःला समजावलं, आणि स्वतःला ते पटलं.

मग घराला बरकत आली. 'उन्हात जाऊ नका.' 'औषध घेतलं का?' 'तुम्ही आहात म्हणून मी आहे.' शेजारणी ऐकायला येऊ लागल्या. वैजयंता शुक्रवारी मात्र चकार शब्द बोलत नसे. शेजारणींनी ठरवलं की बाईंनी शुक्रवारचं मौन धरलंय. पुढच्या शुक्रवारी खणानारळाची ओटी आली. त्यापुढच्या शुक्रवारी मौनी बाईंच्या पायावर डोकं ठेवायला सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यापलीकडून दोन रिक्षा भरून बाया आल्या. आणि डोळ्यांतलं ते अखंड पाणी पाहून म्हणाल्या, केवढी ही माया.

शुक्रवारी गावचे माग बंद असतात. ही गोष्ट इचलकरंजीत शेंबड्या पोराला ठाऊक आहे. अर्थवाल्याला तेवढी आठवली नाही.

एका बाईनं शंका काढली होती, की हे खरंच वैजूताई बोलते कशावरून? तिला शेजारच्या कुसनाळे गुरुजींनी गप्प केलं. गुरुजी हायस्कुलात चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून केबलची पिवळी चिठ्ठी हातात घेतली आणि मोठ्यांदा वाचली. 'या टोकाला अर्थ लावू नये.' म्हणजे, गुरुजींनी फोड करून सांगितलं, बाईंच्या बोलण्याचा आपापल्या मनानं अर्थ काढत बसू नये. कंपनीनंच बजावलेलं आहे. ऐकावं आणि नमस्कार करावा. उमाकांत तिथंच उभा होता. अर्थ म्हणजे काय हे सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. तो हसला आणि चहा टाकायला आत गेला.

असे आठ महिने गेले.

मे महिन्यात लेक केतकी रजा काढून आली. ती सुरतेला मागांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. लहानपणी बापाच्या मागं वेणीच्या केबली धरून हिंडलेली पोर. ती आईच्या उशाशी बसली.

"बाळा, दमलीस का?" पेटी म्हणाली.

केतकीनं पेटीकडं वळून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, आईनं मला कधी बाळा म्हटलंय? बये म्हणायची. चिडली की बये, लाडात आली तरी बये."

उमाकांत म्हणाला, आजारानं माणूस मऊ होतं.

"आणि जेवलात? कोल्हापूरच्या पुलावरनं पाणी गेलं तरी आई जेवलात म्हणायची नाही." केतकीनं हात पुढं केला आणि आईच्या कानामागनं केबल उपटली.

केबलचं टोक तिच्या बोटांत लोंबत होतं. बाहेर माग चालू होते.

"उन्हात जाऊ नका," पेटी प्रेमानं म्हणाली.

केतकीनं ते टोक खिडकीकडं, शेजारच्या मागांच्या शेडच्या भिंतीच्या दिशेनं धरलं.

"जेवलात का? जेवलात का? तुम्ही आहात म्हणून मी आहे. तुमची काही चूक नाही. जेवलात का?"

उमाकांत खाटेच्या कडेवर बसला. त्याला सगळं कळलं. खरं म्हणजे सगळं आधीपासून कळलेलं होतं, ते आता लेकीसमोर उभं राहिलं. वेणीला अर्थ नव्हता. मागांचा कचरा आठ महिने आतल्या तारांत शिरत होता, पेटीला तो कुजबुजीसारखा वाटत होता, आणि जिथं काहीच जुळत नाही तिथं ती त्यानंच दिलेल्या चतकोर बाईवरून अंदाज करत होती. खऱ्या बाईची कुजबूज त्या गदारोळात कुठंतरी तळाशी. शुक्रवारी माग थांबत, पण केवढा आवाज म्हणजे बोलणं, याचं पेटीनं सहा दिवस ढोल ऐकून जे माप ठरवलं होतं, त्यात सातव्या दिवशी मुंगीची चाल बसत नसे.

केतकीनं मीटर लावला. भिंतीतली तिसरी खोबण मेलेली होती. अर्थवाल्याच्या घरात अर्थ नव्हता.

"खड्ड्याला पाणी कोण घालतंय?" तिनं विचारलं.

"खड्ड्याला काय पाणी? माझ्या हातचा आहे तो."

"आई घालायची, बाबा. रोज सकाळी तुळशीला एक तांब्या, खड्ड्याला एक. तुम्हीच सांगितलं होतं म्हणे तिला, मीठ-कोळसा ओला राहिला पाहिजे म्हणून."

त्यानं सांगितलं असणार. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, तसं खड्डा बुजवताना एकदा बायकोलाही सांगून गेला असणार. ती सतरा वर्षं घालत राहिली, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. ती पडल्यापासून खड्ड्यात थेंब गेला नव्हता. झाकण उचललं तर आतली माती भाकरीसारखी भाजून तडकलेली. त्या दिवशी खड्डा अकरा घागरी पाणी प्याला आणि वर ढेकर दिल्यासारखा बुडबुडा सोडला.

पेटीचं माप केतकीनं नव्यानं ठरवलं. सारा दिवस पेटी गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, माग जोरात चालू असताना, ती बोलली.

"पाणी."

केतकीनं चमचा आणला.

"खड्डा. पाणी. खड्डा." आणि मग, फार वेळानं, "बये."

केतकी आईच्या पोटावर डोकं ठेवून रडली. आठ महिने ती बाई आतून एकच सांगत होती, की खड्ड्यात पाणी घाला. रोगाचं नाव, औषध, औषधाची जागा, सगळं एकट्या तिलाच ठाऊक होतं.

नंतरचे तीन दिवस तासाला पाच-सहा शब्द येत. 'ती कोण बोलती?' 'मी न्हवं.' 'बायका नको. पाया पडाय नको.' केतकीनं गल्लीतल्या बायकांना हात जोडून परत पाठवलं. गुरुजी नाराज झाले. अर्थ लावायला घेतला की असंच होतं, म्हणाले. चौथ्या दिवशी रजा संपली. निघताना केतकीनं तांब्या बापाच्या हातात दिला. रोज एक, म्हणाली. रविवारी फोन करीन आणि आईशी बोलेन, असंही सांगून गेली.

रिक्षा वळली आणि घरात दोघंच उरली. उमाकांतनं गप्प राहायला हवं होतं. पण आठ महिने रोज दोन वेळा माफी मिळायची सवय लागलेल्या माणसाला चार दिवसांचा उपास निघेना. तो खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "वैजू, त्या दिवशी... माझी काही चूक नव्हती, न्हवं?"

उत्तर यायला पाऊण तास लागला. एकेक शब्द येई, मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, मग पुढचा.

"हाक मारली."

"दोनदा."

"थांबलासा."

उमाकांत उठून उभा राहिला.

"किल्ली हातात. ऐकलासा. गेलासा."

गेट लावून तो स्कूटरवर बसला होता, एक पाय जमिनीवर. 'अहो' अशी हाक आली. आता कोथिंबीर सांगणार, किंवा परवाचं भांडण उकरणार, असं त्याला वाटलं. दुसरी हाक निराळी होती. 'अहो'तला 'हो' आलाच नाही, नुसता 'अ' लांबत राहिला. निराळी आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्यानं किल्ली फिरवली. खिडकीत उभी होती हे तो सगळ्यांना सांगायचा ते खोटं नव्हतं. त्यानं स्कूटरच्या आरशात पाहिलं होतं. खिडकीचा गज धरून उभी होती.

पेटी पुन्हा खरखरली.

"केतकीला सांगणार."

त्या दिवशी सोमवार होता. रविवारला सहा दिवस होते.

मंगळवारी सकाळी उमाकांतनं तांब्या भरला. तुळशीला पाणी घातलं. दुसरा तांब्या भरून खड्ड्यापाशी गेला, झाकण उचललं, आत डोकावला. मग झाकण नीट बसवलं आणि तांब्या शेजारच्या कढीपत्त्याच्या बुडात ओतला. मे महिन्याचं ऊन. मीठ-कोळसा किती दिवसांत वाळतो याचा गावात त्याच्याएवढा जाणकार दुसरा नव्हता. उरलेली ओल त्यानं हिशेबातून सोडली नाही: कोरड्या कोळशाचं पोतं आणून झाकणाखाली रिकामं केलं. कोरडा कोळसा खालची ओल शोषून घेतो.

बुधवारी शब्दांच्या कडा झिजल्या. गुरुवारी, "पाणी." तिनं ओळखलं होतं. शुक्रवारी माग बंद, हवा स्वच्छ, आणि पेटीचं माप केतकीनं हलकं करून ठेवलेलं. त्या दिवशी वैजयंता सकाळपासून बोलत होती. "पाणी घाला. अहो. पाणी. पाणी घाला की." उमाकांत समोर बसून शेंगा सोलत होता. दुपारी तिनं एकदाच म्हटलं, "सांगत नाही. पाणी घाला." त्याचा हात थांबला. तो तिच्याकडं पाहत राहिला, आणि तिचा शब्द खरा धरावा की नाही, याचा त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. मग शेंगा घेऊन तो बाहेरच्या खोलीत गेला.

शनिवारी माग चालू झाले आणि पेटी प्रेमानं म्हणाली, "जेवलात का?"

उमाकांत कारागीर होता. काम अर्धवट सोडणं त्याला माहीत नव्हतं. त्यानं पेटीचं माप पुन्हा जड केलं. शब्दांची यादी उघडली. 'बाळा' खोडून 'बये' घातलं. 'जेवलात' खोडून 'जेवलासा' घातलं. वगळलेल्या निरोपांतली निवडक चार-पाच भांडणंही परत घातली, कारण नुसत्या गोडाला लेक फसणार नव्हती. उरला शुक्रवार. त्या दिवशी माग बंद, म्हणून शेडमधून भंगारात निघालेली एक मोटर आणि तिची विजेचे तुकडे करणारी पेटी आणली, आणि ती खाटेखाली चालू करून ठेवली.

रविवारी केतकीचा फोन आला.

"बये, जेवलीस का?" आई म्हणाली. "वाळलीस किती. तुला कदी कळणार?"

केतकी फोनवर हसली आणि रडलीसुद्धा. शेवटी बापाला विचारलं, "पाणी घालता ना, बाबा?"

"रोज," उमाकांत म्हणाला. "न चुकता."

पुढच्या शुक्रवारी वैजयंताबाईंनी मौन सोडल्याची बातमी गल्लीत पसरली आणि बाया पुन्हा ओट्या घेऊन आल्या. पायांवर डोकी टेकली. डोळ्यांतलं पाणी पाहून पदर डोळ्यांना लागले. कुसनाळे गुरुजींनी आलेल्या नव्या बाईला पिवळी चिठ्ठी वाचून दाखवली, आणि जाताना उमाकांतबरोबर परसात आले. कढीपत्ता भर उन्हात तरारला होता, पानं तेल लावल्यासारखी काळीभोर. गुरुजींनी फोडणीपुरता एक डहाळा मोडला आणि विचारलं, उन्हाळ्यात झाड एवढं टवटवीत, घालता तरी काय याला?

"काही नाही, रोज तांब्याभर पाणी," उमाकांत म्हणाला. "हिचीच शिस्त आहे."

आतून आवाज आला, "जेवलासा का?"

"आलोच," म्हणून तो आत गेला.